मी बसले की बंद पडनारी गाडी

तवा तिथं कोन कोन व्हतं ते आधी सांगते. मी, माजा ल्योक, माजी सून, धाकटा दीर आनि महाडचा गाड्यांचा मिस्त्री. घरधनी नव्हता. तो ल्योक पाळन्यात असतानाच गेला. मंग मीच डोक्यावर काकड्या-शेंगांची पाटी घेऊन वाडीतनं डोंगर उतरायची, खाली हायवेला यष्टी धरायची, महाडच्या बाजारात बसायची. उतरून उतरून गुडघा गेला. जायचाच तो.

ल्योक बिरवाडीला कंपनीत लागला आनि त्यानं एकाची जुनी फटफटी घेतली, दोन पिस्टनची. कामाला जाता जाता मला पाटीसकट बाजारात सोडायचा. तवा कुठं गुडघ्याला सुख लागलं.

मंग त्याला खूळ लागलं. सीटखाली एक काळा डबा असतो, गाडी त्यातनं हवा घेते. मिस्त्री म्हनला, "डबा काढून टाक. दोन पिस्टनला दोन सुटे फिल्टर लावू, उघडे. गाडीला मोकळा दम मिळंल." लावले. कळ्या पाडलेल्या मोदकासारखे दोन, आडवे. आवाज असा, की दिराची म्हैस दावं तोडून पळाली.

दुसऱ्या दिवशी मी मागं बसले. उताराआधी देवळाचा चढ लागतो, तिथं गाडी भकभक करून मेली. मी उतरले, एका किकमधी चालू. बसले, चढावर परत मेली.

"आये, तुजं वजन झेपत नाय गो तिला."

"मी काय एका रातीत फुगले काय रे?"

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री वाडीत आला. मागं भाताचं पोतं बांधलं, देवळापरयंत जाऊन आली. सून गाऊनवरच बसली, ती हसत परत आली. दीर तर माज्या दीडपट, त्यालाबी नेला-आनला. मला बसवलं, मेली.

"वैनी, गाडीला तुजा राग हाय."

"असूंदे. तुज्या भावासंगं नांदले, मला रागाची सवय हाय."

दिरानं लिंबू-मिरची आनून हँडलला बांधली. तरी मेली.

ल्योक मान खाली घालून म्हनला, "आये, उद्यापासनं तू यष्टीनंच जा."

यष्टी काय वाडीत येत नाय. म्हनजे परत तोच डोंगर, तोच गुडघा. पाटी घेऊन आता मला उतरवनार नव्हतं. बाजार सुटला तर भिंतीला टेकून सुनेनं च्या कधी दिला नि कधी नाय, ते मोजत बसायचं. मी म्हनले, "आजून एकदा फिरव. मेली तर नाय येनार."

निघालो. चढाला त्यानं गाडी पिळली आनि माजा पदर कोनीतरी वढला. मी ल्योकाच्या पाठीत बुक्की घातली. "मेल्या, पदर काय वढतोस?"

"आये, माजे दोनी हात हँडलला हायेत!"

मी वाकून बघितलं. माज्या नि त्याच्या मधी लोंबनारा पदर त्या मोदकानं गिळला व्हता. मी हिसडला, गाडी गुरगुरत सुटली. सोडला, तर लगेच गिळला नि भकभक. असा पदर वढत-सोडत मी गाडी देवळापरयंत नेली नि परत आनली.

मिस्त्री उकिडवा बसला. पदराचं काळंकुट्ट टोक बोटानं उचलून म्हनला, "मावशी, हवाच कोंडत व्हती. तुमी पदर खोचून बसा."

"खोचलेला पदर या खड्ड्यांत ऱ्हातो? आनि मांडीवरची पाटी कोन धरील, तू? डबा लाव परत."

"आये, गाडीचा दम जाईल गो," ल्योक रडकुंडीला आला.

"माजा गेला ते तुला दिसलं नाय."

डबा मिस्त्रीनं टाकला नव्हता, त्यातच पाने-पकडी भरून आनलेल्या. संध्याकाळपरयंत बसवला. आवाज पार बसला, म्हैससुदा वळून बघीना. ल्योक तोंड फुगवून जेवला, पन भाकरी नेहमीइतकीच खाल्ली.

सकाळी मी पाटी घेऊन बसले. चढ आला, गेला. पुढं गुडघा चालला तवर बाजार केला.

वाचनाऱ्याला एवढंच सांगनं हाय. तुमच्या गाडीला काय काढायचं, काय लावायचं ते लावा. पन मागं बाईमानूस बसलं का, गाडी चालू करायच्या आधी मान वळवून तिचा पदर कुठं लोंबतोय ते एकदा बघा.