साडेअठरा वेढे

मुलांनो, आज सकाळी गॅरेजमध्ये माझी गाडी जॅकवर चढली होती आणि मी शेजारी उभी राहून मनात मोजत होते.

महिनाभर स्टिअरिंग हातात थरथरत होतं. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, आता ड्रायव्हर ठेव." मलाही वाटलं, हातच थकले असतील. या वयात काहीही थरथरलं की आपण पहिला संशय स्वतःवरच घेतो. यंत्राची चौकशी कोणी करत नाही.

सुभाष मेकॅनिकने मात्र पुढचं चाक धरून हलवलं आणि तो हसला. "आजी, हात ठणठणीत आहेत तुमचे. टाय रॉडचा सांधा झिजलाय!"

स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा तो जुना सांधा तो फिरवून काढू लागला. जितके वेढे निघतील तितकेच देऊन नवा बसवायचा, नाहीतर चाक तिरकं राहतं. मध्येच एक गिऱ्हाईक आलं. सुभाष बोलत राहिला, हात फिरत राहिले आणि आकडा निसटला.

"मेलो! पंधरा झाले की सोळा?"

"साडेअठरा," मी म्हटलं.

"आजी, उद्यापासून कामालाच या!"

नवा सांधा बसला. रिकाम्या, सरळ रस्त्यावर सुभाष शेजारच्या सीटवरून म्हणाला, "आता जरा हात उचला." मी उचलले. गाडी आपल्या रेषेत चालत राहिली, आणि क्षणभर मी माझे दोन्ही हात हवेत पाहिले. ते मुळीच थरथरत नव्हते.