पहिली पिशवी, शेवटची पिशवी

मन्मथअप्पा रोज सुट्टी झाली की दुधाच्या दोन पिशव्या विकत घ्यायचे. त्या दिवशी भरलेली पहिली आणि अगदी शेवटची. लातूरबाहेरच्या आमच्या डेअरीत अप्पा दूध तापवायचं मशीन सांभाळायचे आणि मी दूध तपासायची. घरी ते दोन्ही दुधं वेगवेगळी तापवून झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवून चमच्याने हलवून बघायचे. नांदेडहून एमएस्सी करून आलेल्या मला हा चमचा म्हणजे शुद्ध खूळ वाटायचं.

अप्पा उदगीरचे लिंगायत. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन ते ज्या निगुतीने धुवायचे, त्याच निगुतीने दूध तापवायच्या मशीनच्या प्लेटा धुवायचे. कालच तर धुतल्या होत्या, असं मी एकदा म्हटलं. "काल धुतल्यालं कालचं झालं, ताई," एवढंच ते बोलले.

एका उन्हाळ्यात आमचं दूध फाटायला लागलं. आंबट नाही, वास नाही, चव गोड, तरी फाटलेलं. दुधाचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गुलाबी कांड्या आणि त्यांच्या पोटात हिरवे ठिपके. हे जंतू संकट आलं की स्वतःभोवती कडक कवच करून त्यात पडून राहतात. उकळी सोसतात आणि दूध निवलं की उठतात. पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघून अंगावर काटा आला. मी अप्पांना बोलावलं. त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ डोळा लावून बघितलं.

"उकळी बी काई करीना ह्यान्ला?"

"नाही."

"मंग ह्ये लपाया जागा हुडकीत असतील," असं म्हणून त्यांनी टोपी घातली.

हे जंतू मातीतले. मी गावोगावचं दूध तपासलं. तळ्याकाठच्या एका गावच्या म्हशी दिवसभर चिखलात बसायच्या, त्या दुधात ते सर्वांत जास्त निघाले. मी ऐटीत अहवाल लिहिला. सोमवारपासून त्या गावचं दूध बंद, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवलं. तिथलं संकलन केंद्र चालवणाऱ्या कमलबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गावाने आता दूध कुठं न्यायचं, असं त्यांनी विचारलं. मी अहवालाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या सकाळी अप्पा दोन वाट्या घेऊन आले. एकीत चांगलं दूध, दुसरीत फाटलेलं.

"पयली पिशवी चांगली, शेवटची फाटली. आठ दिवस झाले, असंच व्हायलंय. कमलबाईचं दूध वाईट असतं तर दोनी फाटल्या असत्या."

सगळ्या गावांचं दूध एकाच टाकीत मिसळतं, हे मला ठाऊक होतं की! दोष टाकीच्या पुढे, मशीनमध्येच होता आणि दिवस चढेल तसा वाढत होता.

अप्पांनी सगळ्या प्लेटा उघडल्या. दुपारी एका प्लेटेच्या कडेची रबरी पट्टी चिरलेली सापडली. त्यांनी पट्टीच्या मागे नख घातलं, तर बुळबुळीत पापुद्रा निघाला. मशीन धुवायचं सोड्याचं गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. अप्पांनी बोटाचा वास घेतला.

"ही म्याच बशिवली. नवी येईना म्हणून जुनीच उलटून लावली. कुणाला बोललो न्हाई. तुमच्या त्या नळीतून बघितलं तवाच मनात आलं होतं."

म्हणजे वाट्या आणल्या तेव्हा बोट कुणाकडे वळणार, हे त्यांना माहीत होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. पट्टी बदलू, मशीन बिघडलं होतं म्हणू आणि माझा अहवाल फाडून टाकू, असं मी सुचवलं.

"कागद फाडू नका, ताई. त्याच्याखाली माझं लिहा. न्हाईतर गावाचं नाव तसंच ऱ्हाईल."

मी लिहिलं. लिहिताना त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. इतका सरळ माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही. गावच्या दुधावरची बंदी उठली आणि अप्पांना कामावरून काढलं.

गेल्या वर्षी अप्पा गेले. मी त्यांच्या घरी उदगीरला गेले, तर कमलबाई आलेल्या. त्यांनी मला ओळखलं. मी माफी मागायला पुढे झाले. त्याच म्हणाल्या, "डेअरीतून काढल्यापासून दर सोमवारी यायचे. आमचे कॅन धुवायचे. म्या म्हणायची, अप्पा, धुतल्यालेच हायत. तरी धुवायचे."