आधी भोंगा, मग बटण

जगातली निम्मी संकटं आमच्या दाजींची तयारी बघून वेशीवरूनच माघारी जातात, आणि उरलेली निम्मी त्या तयारीमुळेच येतात, असं माझं अनेक वर्षांच्या अनुभवानं झालेलं मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजवायचा, काठावरची माणसं-गुरं बाजूला झाल्याची खात्री करायची आणि मगच पाणी सोडायचं, हा तिथला नियम. खात्यानं दाजींना निवृत्त केलं, पण दाजींनी त्या नियमाला काही निवृत्त केलं नाही. लातूरच्या घरात ते मिक्सरसुद्धा भोंग्याशिवाय सुरू करत नाहीत. "मिक्सर लावून राहिलो!" अशी आरोळी पार गल्लीपर्यंत जाते, आणि शेजारीच कोथिंबीर निवडत बसलेली अक्का म्हणते, "आवं, मी काय नदीत बसलेय का?"

कंधारला आमच्या दारात त्यांचं लग्न लागलं तेव्हा मी लहान होतो, पण एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, आणि नवरदेव वाकून भटजींना विचारत होते, "गुरुजी, मधात तुमचा आवाज बसला तर पुढचं कोन म्हननार?" भटजींचा आवाज तिथंच बसला. पुढं संसारातही तेच. एसटीत चढण्याआधी दाजी ड्रायव्हरला स्टेपनीत हवा आहे का विचारतात. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, हितं उभं राहायला जागा न्हाई अन् तुमी स्टेपनीचं इचारून राहिलात!" दाजी शांतपणे खाली उतरले, वाकून स्टेपनी दाबून आले, आणि तोवर बस गेली. घराची किल्ली हरवली तर असावी म्हणून त्यांनी दुसरी किल्ली करून घेतली, आणि ती हरवू नये म्हणून घरातल्या कपाटात कुलूपबंद ठेवली. पहिली हरवली त्या दिवशी आम्ही सगळे ओसरीवर बसून दुसरी किल्ली किती सुरक्षित आहे याचं कौतुक करत होतो.

या माणसाच्या घरात एक कॉम्प्युटर आहे. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, रेवतीनं, नोकरीसाठी बेंगळुरूला जाण्याआधी सुट्टीत सुटे भाग आणून तो स्वतःच्या हातानं जोडला. दाजी रोज सकाळी मऊ फडक्यानं तो पुसतात, बटण दाबतात, दोन क्षण उभे राहतात आणि लगेच स्वयंपाकघरात चहाला जातात. अक्का म्हणते, "बटन दाबलं की ह्यांना चहा लागतो. कॉम्प्युटरला चहा लागत न्हाई हे नशीब." आम्ही सगळ्यांनी या गोष्टीवरून त्यांची भरपूर थट्टा केली आहे.

तर झालं असं, की जुन्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं. नवी घालायची, तर आधी कॉम्प्युटरचं फर्मवेअर बदलणं भाग होतं. फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी जागा होणारा आतला छोटा प्रोग्राम. तो बदलताना मध्येच वीज गेली तर जुना गेलेला असतो, नवा आलेला नसतो, आणि कॉम्प्युटर पुन्हा डोळाच उघडत नाही. हे दाजींच्या वाचनात आलं आणि काम लांबणीवर पडलं. पावसाळ्यात विजा कडाडतात म्हणून नको. गणपतीत मंडळवाले खांबावर आकडे टाकतात म्हणून नको. लग्नसराईत मंडपाची रोषणाई, उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर. शेवटी रेवतीनंच फोनवर दम भरला, "बाबा, बँकेचं सगळं तुम्ही त्याच्यावर करता. करून टाका ना एकदाचं!" त्यावर दाजींनी मला मुदखेडला फोन लावला. "पाव्हणं, या. साक्षीला माणूस लागतो."

मी गेलो. दाजींनी कंपनीच्याच वेबसाइटवरून फाइल उतरवून घेतली होती. कॅबिनेटचं झाकण काढून, आतल्या बोर्डावरचा नंबर टॉर्चनं दाखवून, मला मोठ्यानं वाचायला लावला. मग अक्काला चष्मा लावून वाचायला लावला. पेनड्राइव्ह एक, तो ऐनवेळी रुसला तर दुसरा. आतल्या सगळ्या सेटिंगचे फोटो. सबस्टेशनला फोन करून, "आज लाइन जानार का?" तिकडून उत्तर आलं, "साहेब, मला सांगून कधी गेलीय का ती?" एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले! नवीकोरी बॅटरी घातलेला यूपीएस होता. वीज गेली तरी तो कॉम्प्युटर चालू ठेवतो की नाही हे बघायला दाजींनी मेन स्विच बंद केला. यूपीएस किंचाळला, कॉम्प्युटर चालू राहिला. छान. पुन्हा बंद केला. मग "जास्त वेळ धरतो का" म्हणून जास्त वेळ. मी म्हणालो, "दाजी, बास की आता."

"धरनाची भिंत येकदा बघून भागत न्हाई, पाव्हणं."

यूपीएस सकाळभर किंचाळत राहिला. त्यानंतर दाजींनी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, आणि स्क्रीनला असे चिकटून उभे राहिले की मला काहीच दिसेना. पुन्हा बंद करून पुन्हा सुरू केला. "हे कामून?" मी विचारलं. "असंच," म्हणाले, आणि आणखी एकदा केला. ही कसली चाचणी ते मला कळलं नाही. मग त्यांनी पेनड्राइव्ह लावला, देवाकडे बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं भोंगा दिला, "फर्मवेअर चढवून राहिलो!"

स्क्रीनवर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी सरकू लागली. दाजींनी पंखा बंद करवला. मी खोकलो तर म्हणाले, "पाव्हणं, दम धरा." पट्टी निम्म्यावर आली असेल नसेल, तोच गल्लीतून आरोळी आली, "नळ आले! नळ आले!"

लातुरात नळ येतात म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आठवड्याचं पाणी एकदाच येतं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी सहसा येत नाही. एका दमात गल्लीतल्या सगळ्या मोटारी नळांना लागल्या, व्होल्टेज ढपकन खाली आलं, ट्यूबलाइट फडफडली आणि यूपीएस किंचाळला. आता भिस्त बॅटरीवर. आणि सकाळभराच्या चाचण्यांनी ती बॅटरी आम्हीच पिऊन टाकली होती! दाजींच्या चेहऱ्यावर ते मला वाचता आलं. जन्मभर भोंगे दिलेल्या माणसाचा भोंगा नेमका तेव्हाच बसला.

अक्का मात्र हातातली घागर तशीच टाकून रस्त्यावर धावली. "मोटारी बंद करा गं बायांनो! आमचं कॉम्प्युटर मधात अडकलंय!"

समोरच्या काकूंनी पाइप सोडला नाही. "आवं रेवतीची आई, आठ दिसानं नळ आलेत! कॉम्प्युटर काय पळून चाललंय का?"

"ह्यांचं असतं तर म्हनले नसते. रेवतीनं जोडलेलं हाय त्ये!"

गल्लीतल्या निम्म्या पोरांचे प्रवेशाचे अर्ज रेवतीनं त्याच कॉम्प्युटरवर भरून दिले होते, आणि त्यात काकूंची दोन्ही पोरं होती. काकूंनी आपली मोटार बंद केली आणि दाजींनाही लाजवेल असा भोंगा दिला, "बंद करा रे समदे! आपल्या पोरीचं हाय!" एकेक मोटार गप्प होत गेली. ट्यूबलाइट स्थिरावली, यूपीएसचा गळा बसला. सगळी गल्ली करंगळीएवढ्या धारेखाली घागरी धरून आमच्या खिडकीकडे बघत उभी राहिली. मला त्या माणसांचा फार अभिमान वाटला.

पट्टी शेवटाला गेली. कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, स्क्रीन काळी पडली, काळीच राहिली, आणि मग कंपनीचं चकचकीत चिन्ह उगवलं. मी खिडकीतून ओरडलो, "झालं!" सगळ्या मोटारी पुन्हा धडधडू लागल्या. मागं वळून बघतो तर दाजी खुर्चीत बसलेले.

"गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं? सुरू झाला की!"

तेव्हा कुठं त्यांनी सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी रेवतीनं कंपनीच्या चिन्हाच्या जागी स्वतः काढलेलं चित्र घालून ठेवलं होतं. वाफाळता कप, आणि खाली अक्षरं, 'बाबा, आधी चहा.' बटण दाबलं की क्षणभर दिसायचं. फर्मवेअर बदललं की ते पुसलं जाणार, हे दाजींनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. त्यानंतर पावसाळा, गणपती, लग्नसराई.

"फोटो तरी काढून ठेवायचा!"

"काढलाय की. पन फोटो मला चहाला उठीवत न्हाई ना."

"मग रेवतीला सांगा. ती पुन्हा घालून देईल."

"देईल. लगेच देईल," दाजी फडक्याची घडी घालत म्हणाले. "पन तवा तिनं न सांगता ठिवलं होतं. आता मी मागून घेतलं तर त्ये माझं मागनं झालं. आन् तिच्या ध्यानातबी नसंल. असतं तर करून टाका म्हनली असती का?"

मी जाऊन पंखा पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी चपला घालत होतो. दाजींनी कॉम्प्युटर पुसला, बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं. दाजी दोन क्षण उभे राहिले, मग वळले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीसारखा भोंगा दिला, "चहाला येऊन राहिलो!"

अक्कानं त्या दिवशी आधण आधीच ठेवलेलं होतं.