सहा जणींची दक्षिण

मला चौकशा करायची खोड आहे. घरचे तिला सरळ भोचकपणा म्हणतात. एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या मुलीचं सासर कुठलं आणि जावई काय करतो, हे मला रत्नागिरीहून पाली यायच्या आत कळलेलं असतं. त्यामुळे आमच्या कॉलनीतल्या बायकांनी तमिळनाडूतली देवळं बघायला जायचं ठरवलं, तेव्हा आखणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, मीच गळा पुढे केला.

रत्नागिरीत आमच्या कॉलनीत बुधवारी संध्याकाळी आम्ही सात जणी एकमेकींच्या घरी जमतो. बहुतेक सगळ्या निवृत्त. मी कचेरीत आयुष्य काढलेली, एकीची आंब्याची बाग, एकीचा नवरा बँकेत होता, आणि माझ्या अगदी शेजारच्या घरातल्या बाई, ज्या तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. अख्खी कॉलनी त्यांना बाईच म्हणते. ज्या बुधवारी दक्षिणेचा विषय निघाला, त्या दिवशी बाई भाचीच्या लग्नाला गेलेल्या होत्या. विषय निघाला, तासाभरात ठरलाही आणि फोनवर ‘दक्षिण’ नावाचा ग्रुपही झाला. त्यात आम्ही सहा जणी होतो.

बाईंचं काय, असं कोणीतरी विचारलं होतं. मीच म्हटलं, “अगं, देवळंच देवळं आहेत सगळी. त्यांना कशाला अवघडवायचं?” बाईंचं घर बौद्ध. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतलेली. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मला आठवतं, खोलीत जरा मोकळं मोकळं वाटलं. आपण किती समजूतदार आहोत, असंही मला वाटलं.

मग मी आखणीत बुडाले. रेल्वेने एर्नाकुलम, तिथून मदुराई, रामेश्वर, तंजावर, कुंभकोणम, शेवटी चिदंबरम. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला असायचा, आणि नवरा ताट मांडीवर घेऊन जेवायचा. मला एकेका गोष्टीचं नवल वाटत होतं. गोपुरं बाहेर एवढी उंच आणि आतला देव मात्र एवढ्याशा अंधाऱ्या खोलीत, असं का? गोपुरावरच्या शेकडो मूर्तींना पुन्हा पुन्हा रंग देतात, तो कोणी ठरवतो? देवळात हत्ती असतो, तो राहतो कुठे? मी लॉजवाल्यांना फोन करून असलं काहीबाही विचारायचे. कुंभकोणमच्या लॉजवरचा गृहस्थ तर माझा आवाज ओळखायला लागला होता.

त्यानेच माझी पहिली चूक काढली. आमच्याकडे पन्नास किलोमीटर म्हणजे दीड-दोन तास. घाट, वळणं, आणि महामार्गाचं ते कधी न संपणारं काम. त्याच मापाने मी मदुराई ते रामेश्वर सात तास धरले होते. तो त्याच्या हिंदीत म्हणाला, “अम्मा, बैलगाडी में आता क्या?” सपाट, सरळ रस्ता असतो ही गोष्ट कोकणातल्या माणसाच्या डोक्यात लवकर शिरत नाही. दुसरी चूक त्याहून मोठी होती. जवळजवळ सगळी दर्शनं मी दुपारी बारा ते चारच्या दरम्यान टाकली होती, म्हणजे सकाळी निवांत न्याहारी होते. “आफ्टरनून क्लोज, अम्मा,” तो म्हणाला. “गॉड स्लीपिंग.” देव चार तास झोपतो, हे ऐकून आमच्यातल्या बागवालीला फार बरं वाटलं. ती स्वतःही एवढाच वेळ झोपते.

बाकीच्यांच्या अडचणी वेगळ्याच. मोहोरावरच्या फवारणीच्या आत परत यायला हवं. गुडघे दुखतात, वाटेतल्या तिरुचीच्या डोंगरावरच्या देवळाच्या त्या चारशेवर पायऱ्या नकोत. दहा दिवस मासे नाहीत, हे तर एकीने तीनदा विचारून खात्री करून घेतलं. या सगळ्यात दर बुधवारी एक गंमत व्हायची, तेव्हा ती गंमत वाटत नव्हती इतकंच. बाई फाटकातून आत येताना दिसल्या की आम्ही नकाशाची घडी घालायचो आणि कोणीतरी म्हणायचं, “काय मेला उकाडा.” डिसेंबर चालू होता.

एका सकाळी मासेवाली आली. मी माझ्या पायरीवर ताट घेऊन उभी होते, बाई त्यांच्या फाटकाशी. मासेवाली टोपली उतरवत बाईंना म्हणाली, “काय बाय, तुमीपन चाललाव ना मद्रासला? दहा दिस तुमच्या कॉलनीत मासं कोन घेनार?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. “नाही गं, मी नाही जात,” त्या म्हणाल्या. “मला बांगड्याचा एक वाटा दे.”

मी बांगडे न घेताच आत गेले. दिवसभर मला काही सुचलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा मासेवालीचा राग आला. चार वाजता मात्र उठून बाईंकडे गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. मी विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होते, तर त्याच म्हणाल्या, “दुपारी देवळं बंद असतात तिकडे. वहिनी, तुम्ही ते लक्षात घेतलंत ना?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी जाऊन आले की. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत, मुलीबरोबर.”

गेल्या वर्षी त्या दहा दिवस गावाला गेल्या होत्या, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या झाडांना पाणी मीच घालत होते. दसरा होता, म्हणून नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या असतील, असं मी धरून चालले. परत आल्यावर “कसा झाला प्रवास?” एवढं विचारलं, त्या “छान” म्हणाल्या, आणि मी लगेच त्यांच्या जास्वंदीला कीड लागल्याचं सांगायला लागले. एसटीतल्या अनोळखी बाईची सात पिढ्यांची माहिती काढणारी मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, मी कुंभकोणमच्या लॉजवाल्याचं डोकं खात होते आणि भिंतीपलीकडे बाई बसलेल्या होत्या.

“पण तुम्ही... देवळं बघायला?” माझ्या तोंडून गेलंच.

“माझे वडील चिरेखाणीत होते,” बाई म्हणाल्या. “जांभा हाताने काढायचे. जांभा नरम, खाणीतून निघतो तेव्हा तर जवळजवळ कापताच येतो. तरी त्यांच्या हाताला घट्टे असायचे. तो तिकडचा दगड बघितलात तर तुम्हाला कळेल, तो कापण्यातला नाही. मग कोणी आणि कसा तासला? मला ते बघायचं होतं.” त्यांनी फोनमधला एक फोटो काढून मला दाखवला. देव नाही, गोपूर नाही. एका पडलेल्या दगडाची कड, आणि तिच्यावर ओळीने चौकोनी खाचा. “या खाचांमध्ये पाचर मारून दगड फोडायचे. हे बघा, ही ओळ अर्धवट राहिली आहे. कोणीतरी काम सोडून गेलं.” एका देवळाशी त्या भर बाराला पोचल्या आणि दार लागलं. तिथे भिंतीवर दगडाची चाकं कोरलेली आहेत, अख्खा रथच आहे म्हणे. त्यांनी तो कुंपणाबाहेरून बघितला. ते सांगताना त्यांचा आवाज अगदी लहान मुलीचा झाला होता.

मी मग सगळं ओकून टाकलं. काही देवळांत हिंदूंखेरीज इतरांना पुढे प्रवेश नाही अशी पाटी असते, ते मी वाचलं होतं. तिथे कोणी काही विचारलं असतं, तुमचा अपमान झाला असता, म्हणून तुमचा विचार करूनच आम्ही...

“पाटी आम्हीही वाचली,” बाई म्हणाल्या. “वाचली आणि वळलो. गाभाऱ्यात मला जायचंच नव्हतं. माझा विचार तुम्ही पंधरा दिवस करत होता. विचारलं असतंत तर पाच मिनिटांत झालं असतं.”

मी खरं तेच बोलले. म्हटलं, बाई, तुमचा विचार नव्हताच तो. तुम्ही पाटीशी थांबला असतात, तर आम्हाला आत जाताना कसंनुसं वाटलं असतं. तेवढं टाळायचं होतं. हे मला स्वतःलाच बोलता बोलता कळलं, आणि माझे डोळे भरून आले. बाई उठून आत गेल्या आणि चहा टाकला.

त्या बुधवारी बाई यायच्या आत मी बैठकीत सरळ विषय काढला. बाईंना बोलवायचं. “त्यांनाच बरं वाटणार नाही हो,” एक जण म्हणाली, अगदी माझ्याच आवाजात. मी भडकले. “त्यांना विचारलं का कोणी?” म्हटलं. थोडी बोलाचाली झाली, पण शेवटी सगळ्या तयार झाल्या. मनापासून तयार झाल्या, मला वाटतं. मी आखणी नव्याने केली. दर्शनं सकाळी लवकर, दुपारी मुक्काम, आणि दगडी रथाच्या त्या देवळाला एक पूर्ण सकाळ. असा तो कागद घेऊन मी बाईंच्या दारात गेले तेव्हा मला परीक्षेचा निकाल लागण्याआधी होतं तसं झालं होतं.

बाईंनी चष्मा लावून कागद नीट वाचला. पेन्सिलीने दोन ठिकाणी वेळा बदलल्या. रथाच्या देवळाशी आल्या तेव्हा जरा थांबल्या.

“याल ना?” मी विचारलं. “आणि पाटी लागली की मीसुद्धा तुमच्याबरोबर बाहेर थांबणार. मी ठरवलंय.”

बाई हसल्या. “परत तुम्हीच ठरवलंत?”

मी जीभ चावली.

“सगळ्या चांगल्या आहात,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर नको. दहा दिवस तुम्ही सहा जणी मला जपत बसाल. कोणी काही बोललं का, वाईट वाटलं का, बाई कुठे थांबल्यात. मला जपलेलं नको आहे, वहिनी. मला दगड बघायचाय.”

“मग पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी आधी विचारा. हो म्हणायचं की नाही, ते मी तेव्हा बघेन.” त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात दिला. रागावल्या होत्या का? नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला समजूत तरी काढता आली असती.

जानेवारीत आम्ही जाऊन आलो. बाईंनी बदललेल्या वेळा अगदी बरोबर निघाल्या, एकही देऊळ बंद मिळालं नाही. मदुराईत स्टेशनबाहेर आमची ठरवलेली गाडी उभी होती. एकेक करून आम्ही आत चढलो आणि दार लावायच्या आधी ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, “अम्मा, एक आना बाकी है?” गाडी सात जणींची होती. सहा जणींची गाडी त्या भागात मिळतच नाही म्हणे. मग मी म्हटलं, “नहीं, चलो,” आणि त्या सातव्या जागेवर आम्ही आमच्या पिशव्या ठेवल्या.