चौथ्या रकान्यातलं नाव
सरकारविरुद्धची पत्रकं चिकटवायला चिंचोक्याची खळ शिजत ठेवली, की त्या वासानं मला आमच्या चुडाव्यातला घोंगड्या विणणारा म्हातारा आठवतो. ही गोष्ट घडली तेव्हा मी हैदराबादेत समाजशास्त्र शिकत होतो. वाचनाची टिपणं चार रकान्यांत काढायची, असा प्राध्यापकांचा दंडक होता: लेखकाचं म्हणणं, त्याचा पुरावा, आपली शंका, आणि शेवटी आपल्या गावातला दाखला, सांगणाऱ्याच्या नावासकट. नाव नसलं की टिपण बाद. सुट्टीत पुस्तकातलं वेठबिगारीचं प्रकरण वाचत मी म्हाताऱ्याच्या मागाशी बसलो होतो. लोकरीला खळ लावता लावता तो म्हणाला, "पोलीस ठाण्याच्या अमीनाला दरसाल घोंगडी फुकट द्यावी लागती. न्हाई म्हणलं की लय मारतो." मी लिहू लागलो. "माजं नाव कशाला लिवायलास, लेकरा?" "मामा, अभ्यासाचा नियम हाय." "मग लिव्ह बाबा, पास हो." परत निघालो तेव्हा स्टेशनावर अमीनाच्या शिपायांनी माझी ट्रंक उपसली. शोधत होते पत्रकं, हाती लागली वही. शिकणारा पोरगा म्हणून मला सोडलं आणि म्हाताऱ्याला उचललं. जुलूम त्यांनी करायचा आणि पत्ता मी पुरवायचा! दिवाळीत भेटलो तेव्हा त्याची बोटं वाकडी झाली होती. मला पाहून म्हणाला, "झालास का पास?" मी मान खाली घालून हो म्हणालो. आता पत्रकात जुलूम करणाऱ्याचं नाव मी ठळक छापतो, सोसणाऱ्याचं कुठंच लिहीत नाही. पण त्या मागावर पुन्हा घोंगडी चढली नाही.