कातडी मोजायची खोली

आमच्या खोलीत कातडी मोजायला दोन मिनिटं लागतात, अन् पेशंटचं बोलणं थांबायला अर्धा तास. किस्से साचणार नाहीत तर काय! फाईलमध्ये फक्त आकडा लिहायचा असतो. उरलेलं सगळं मी घरी घेऊन जाते.

काही जणांना असा आजार होतो की कातडी आखडून टणक होते, बोटं वळत नाहीत. जाड पेनासारखं मशीन हातावर टेकवलं की कातडी किती कडक झाली ते कळतं. आकडा खाली आला तर बरं, वर गेला तर वाईट.

*

पिशोरचे एक काका. मशीन लावलं, काढलं. म्हटलं, "झालं काका."

"सुई नाय, रगत नाय, अन् झालं?"

काका बाही वर करून बसलेच! शेवटी मी स्पिरिटचा बोळा चोळला, वर पट्टी चिकटवली. बाहेर जाऊन बायकोला सांगतात, "मॅडमचा हात लई हलका. सुई कळली बी नाय!"

*

मशीन यायच्या आधी डॉक्टर चिमटीत कातडी धरून शून्य ते तीन मार्क द्यायचे, जितकी कडक तितके जास्त. पैठणच्या कांताबाई पैठणी विणतात. त्यांना सगळीकडं तीन पडले.

"मास्तरनं इतके चिमटे काढले, पण एवढे मार्क कधी दिले नाय!"

*

आजारानं कांताबाईंचा चेहरा ताणला, सुरकुत्या गायब. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, "क्रीम कोणतं लावता?"

"लई जालीम हाय. तुम्हाला नाय झेपायचं!"

*

मशीन ठीक आहे का ते बघायला रोज सकाळी मी आधी स्वतःचा हात मोजते. एकदा आकडा असा चढला की मी स्टुलावरच बसले! कंपनीला फोन, डॉक्टरांना हाका. मनातल्या मनात नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची खरेदीसुद्धा उरकली.

डॉक्टर आले, माझ्याकडं बघितलं. "मॅडम, मूठ सोडा."

नुकतीच सासूबाईंशी फोनवर बोलले होते, मूठ तशीच आवळलेली! मूठ आवळली की हात ताठतो, आकडा चढतो. हे मीच सगळ्यांना शिकवते!

बाकावरून कांताबाई म्हणाल्या, "आमची वळंना, अन् तुम्ही उगंच वळून बसता व्हय!"

*

बोटांत विणायचा धोटा धरवेना तेव्हापासून कांताबाईंच्या मुलाचा एकच घोषा: हातमाग काढू, तिथं किराणा टाकू. कांताबाईंचं एकच उत्तर: "हात लावून बघ." औषध चालू होतं, वर्ष गेलं. परवा तो ठरवूनच आला. "आज आकडा खाली नसला, तर उद्या माग निघणार. मॅडम, तुम्ही साक्षीदार."

कांताबाईंनी हात पुढं केला, पंजा पदराखाली. मनगटाच्या वर मशीन टेकवलं. आकडा मागच्या वेळेपेक्षा वर! पुन्हा टेकवलं. आणखी वर!

"म्हणलं होतं ना, आई," मुलगा म्हणाला.

मला तर तोंड वर करवेना. डॉक्टरांनी स्क्रीन बघितली, मग पदराकडं बघितलं.

"कांताबाई, मूठ सोडा."

कांताबाईंनी पदर बाजूला सारला. "नाय सोडत! वर्षानं वळली, डॉक्टरसाहेब. आधी ह्याला बघू द्या!"