डझनाचे देसाई सर

चहाचे कप आणि किस्से, आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये दोन्ही साठायचे. कप शिपाई उचलून न्यायचा, किस्से तिथेच राहायचे. सत्तरच्या दशकातले निम्मे किस्से एकट्या देसाई सरांचे. सर इंग्रजी शिकवत, आणि त्यांचा जीव एकाच शब्दात अडकलेला: डझन!

हा शब्द मूळ लॅटिनमधला, दोन अधिक दहा, हे ते भेटेल त्याला सांगत. मग अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत म्हणत, "चार बोटं, तीन-तीन पेरं. झाला डझन!" एकदा पीटीचे पाटील सर म्हणाले, "आमची म्हातारी रोज असाच जप करती. तिला लॅटिन येतंय म्हणायचं की!"

बेकरीत डझनभर पाव घेताना सरांनी मालकालाही ऐकवलं. "विलायतेत माप कमी भरलं तर शिक्षा व्हायची. राजाचा कायदा! त्या भीतीनं बेकरीवाले डझनाला तेरा पाव द्यायचे."

मालक म्हणाला, "राजाला घिऊन या सर. तेरा काय, चौदा देतो!"

इथवर गंमत होती. पण या मोजण्यापायी सरांचं लग्न जमेना, त्याचं आम्हाला मनापासून वाईट वाटायचं. मलकापूरला सर मुलगी बघायला गेले, तेव्हा तिचे वडील कौतुकानं म्हणाले, "घरात डझनभर माणसं हायत." सर म्हणाले, "चौदा आहेत."

वडील भडकले. "पोरगी बघाय आलाय का खानेसुमारीला?"

पुढचं स्थळ कागलचं. या वेळी मी आणि पाटील सोबत गेलो. एस.टी.त पाटलांनी दम भरला, "आज डझन काढायचा न्हाय! लगीन पायजे का न्हाय?" सरांनी मुकाट मान हलवली.

मुलगी शिकलेली, हसतमुख. सर तिला बघून स्वतःचं नाव सांगतानाही अडखळले. पोहे झाले. तेवढ्यात तिच्या वडिलांनी घरच्या बागेतली केळ्यांची फणी पुढे ठेवली. "घ्या पावणं, डझनभर हायत."

फणीत तेरा होती! बागायतदाराचा हिशेब, एखादं वर असायचंच. सरांचा अंगठा पेरांवरून फिरू लागला. पाटलांनी त्यांच्या पायावर पाय दाबला. मी देवाचं नाव घेतलं. सर लालबुंद झाले, ओठ हलायला लागले.

मुलगी त्या अंगठ्याकडेच बघत होती. ती पुढे झाली, एक केळं तोडलं, सोललं आणि सगळ्यांदेखत खायला लागली.

"हं सर," ती म्हणाली, "आता बोला की!"